दाणा आणि काडी

सेवानिवृत्तीनंतर राजूरला येऊन स्थिरावलो, त्याला आता सहा वर्षे होत आली. बँकेच्या नोकरीत मराठवाड्यातील सात शाखांचे पाणी प्यालो असलो, तरी मूळचा मी भुसाराच्या दुकानातला मुलगा. आमच्याकडे खाली दुकान आणि वर वस्ती. दुकान आता थोरले बंधू आणि पुतण्या पाहतात. थोरल्या बंधूंना सारे गाव भाईजी म्हणते. येथेही त्यांचा उल्लेख तसाच करतो. ज्वारीच्या पोत्यांवर बसून मी पाढे पाठ केले. दाण्याला चुकून पाय लागला, तर तो उचलून कपाळी लावायचा, ही घरची शिकवण. गच्चीवर पाखरांना मूठभर ज्वारी टाकल्याशिवाय आई सकाळचा चहा घेत नसे. दाणा म्हणजे लक्ष्मी आणि गवत म्हणजे गुरांपुढे टाकायची वस्तू, हा समज आमच्यासारख्यांच्या अंगात इतका मुरलेला असतो की तो कधी तपासून पाहावा असे मनातही येत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्यावर ती वेळ आली, आणि ती एका मुक्या जिवाच्या प्राणांवर बेतून आली.

चिरंजीव पुण्यास संगणकाच्या क्षेत्रात आहेत. कंपनीने त्यांना पाच महिन्यांसाठी जर्मनीला पाठविले. सूनबाई आणि नातही बरोबर जाणार होत्या. प्रश्न उरला तो नातीच्या दोन गिनीपिगांचा. ओळखीत कोणी ठेवून घेईना, तेव्हा आषाढाच्या आरंभी हे दोन पाहुणे राजूरला आले. एकीचे नाव तीळ, ती काळी. दुसरी तांबूस, तिचे नाव गूळ. दोघी माद्या, वय दीड वर्षाच्या आसपास. हा कळपात राहणारा प्राणी. एकटा ठेवला तर खंगतो, म्हणून दोन, असे नातीने मला समजावून सांगितले.

नावात गिनी आहे आणि पिग आहे, परंतु ना गिनी देशाशी याचा संबंध, ना डुकराशी. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांतला, पेरू-बोलिव्हियाकडचा. तेथील लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळविले. पुढे सोळाव्या शतकात युरोपीय जहाजांतून तो बाहेर पडला. आपल्याला तो ठाऊक असतो तो वर्तमानपत्रांतील ‘जनतेला गिनीपिग बनविले’ अशा वाक्यांपुरता. प्रत्यक्षात मूठभर अंगाचा, बिनशेपटीचा, स्वयंपाकघरात पिशवीचा आवाज झाला की शीळ घातल्यासारखा ओरडणारा हा निरुपद्रवी जीव आहे.

घरी पहिला आक्षेप आला तो सौ.चा. ‘जिवाला पिंजऱ्यात कोंडायचे, ही कसली हौस?’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण ‘आता दारात आलेच आहेत, तर हाल तरी नकोत,’ असेही तीच म्हणाली, आणि मागची कोठीची खोली रिकामी करून तिने त्यांना जमिनीवर मोकळे फिरण्याची सोय करून दिली.

सामानात पिंजरा होता, पाण्याची बाटली होती, हिरवट रंगाच्या पेलेटची अर्धी संपलेली पिशवी होती, वाळलेल्या गवताची एक मोठी पिशवी होती आणि नातीच्या अक्षरातला एक कागद होता. कागदावर चार ओळी: ‘गवत नेहमी भरपूर. पेलेट रोज एक चमचा. भाजी रोज. दादाजी, टीव्ही मोठ्याने लावू नका.’

आयुष्यभर कर्जाच्या कागदपत्रांवरील बारीक अक्षरे वाचत आलेल्या माणसाने या चार ओळींपैकी फक्त चौथी पाळली. गवत मला वाटले अंथरण्यासाठी असेल. काच-सामान पाठविताना खोक्यात पेंढा भरतात, तसे. मी ते खाली पसरून टाकले, आणि संपल्यावर जुनी वर्तमानपत्रे घातली. पेलेट पाहून तर मला वाईटच वाटले. सगळ्या एकसारख्या, कोरड्या, भुशाच्या वासाच्या गोळ्या. सुखवस्तू घरातले पाहुणे आणि त्यांच्यापुढे हे? ती पिशवी संपताच शहरातून एक चांगले महागाचे पाकीट मागविले. पाकिटावर सशाचे, गिनीपिगाचे आणि उंदरासारख्या आणखी एका प्राण्याचे चित्र. आत मक्याच्या लाह्या, सूर्यफुलाच्या बिया, पिवळे-लाल तुकडे, सुकी पपई आणि अधूनमधून त्याच हिरवट गोळ्या. वर आमच्या दुकानातला निवडक हरभरा, थोडा मका, थोडे शेंगदाणे. रविवारी बदामाचा तुकडा. वाटी नेहमी भरलेली. दोघी तुटून पडत. हिरवट गोळ्या तेवढ्या वाटीच्या तळाशी राहत. मी म्हणे, पाहा, त्यांनाही कळते बेचव काय ते.

आता राहिली ‘भाजी रोज’ ही ओळ. आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून चातुर्मास सुरू झाला. आपल्यापैकी बऱ्याच घरांत असतो तसा आमच्याकडेही चार महिने पालेभाजीचा त्याग, आणि तिथीच्या दिवशी तर हिरवे काहीच नाही. घरात कोथिंबिरीची काडी येत नव्हती. नातीची ओळ मला आठवत होती, ती मी विसरलो नव्हतो. हे मुद्दाम लिहितो. पण मनाशी म्हटले, इतके पौष्टिक कोरडे अन्न पोटभर मिळत असताना दोन पानांवाचून काय अडणार आहे?

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात गूळ कोपऱ्यात बसू लागली. अंगावरचे केस विस्कटलेले. वाटीकडे येई, हुंगे आणि परत जाई. उचलायला गेलो तर किंचाळली. मागचा एक पाय ती ओढत होती. आल्याच्या दिवशी भाईजींनी गमतीने दोघींना दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले होते. तीळ ८८० ग्रॅम, गूळ ९४०. मी तिला पुन्हा काट्यावर ठेवले. ७६०. काट्यात बिघाड असेल म्हणून एक किलोचे माप ठेवून पाहिले. काटा बरोबर होता.

राजूरहून जालना सुमारे २५ किलोमीटर. तेथल्या पशुवैद्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, ‘मी गाई-म्हशींचा माणूस. इथे वेळ घालवू नका, छत्रपती संभाजीनगरला लहान प्राणी पाहणारे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जा.’ असा सल्ला देणाऱ्या माणसाचे उपकार मानावेत. दुपारी आम्ही संभाजीनगरला पोहोचलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गुळाला टॉवेलमध्ये धरले, तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, मागच्या पायांचे सांधे अलगद दाबले. ती ओरडली.

‘काका, खायला काय देता?’

मी यादी सांगितली. खरे सांगायचे तर थोड्या अभिमानानेच सांगितली.

‘गवत?’

‘ते खाली अंथरले होते. संपले.’

‘हिरवे काही?’

‘चातुर्मास चालू आहे.’

त्यांनी लेखणी खाली ठेवली. रागावले नाहीत. म्हणाले, ‘हिला स्कर्व्ही झाला आहे. जुन्या काळी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना होई तोच. दुसरीलाही होण्याच्या मार्गावर असेल.’

मग त्यांनी जे समजावून सांगितले ते असे. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. गाय करते, कुत्रा करतो, ससाही करतो. माणूस करू शकत नाही, आणि गिनीपिगही नाही. या एका बाबतीत आपण आणि ते एकाच पंगतीला बसणारे. ते रोजच्या अन्नातूनच मिळावे लागते: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम, आजारी किंवा गाभण असेल तर त्याहून अधिक. शरीरात त्याची शिल्लक फारशी राहत नाही. पुरवठा थांबला की दोन-तीन आठवड्यांत सांधे दुखू लागतात, हिरड्या सुजतात, भूक मरते. वाळलेल्या दाण्यांत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. हरभरा कितीही निवडक असो, त्यात जे नाही ते नाही.

घरी आल्यावर मी या विषयावर जेथून मिळेल तेथून वाचले. १९०७ साली नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश या दोन संशोधकांनी खलाशांच्या एका आजाराचा शोध घेताना गिनीपिगांना नुसते धान्य आणि पाव यांवर ठेवले. अपेक्षा दुसऱ्याच रोगाची होती; झाला तो स्कर्व्ही. ताजी कोबी किंवा लिंबाचा रस दिला की तो होत नसे. त्यांनी उंदीर निवडले असते तर काहीच घडले नसते, कारण उंदीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करतो. त्या प्रयोगातून पुढे क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट खुली झाली आणि १९३७ मध्ये आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांच्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता. वाचून मी चष्मा काढून ठेवला. शंभरावर वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत जे मुद्दाम केले गेले, तेच मी राजूरच्या कोठीच्या खोलीत प्रेमाने केले होते.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध हा एक सांगितला आहे. लहानपणापासून ऐकत आलो. दावणीच्या बैलाला उपाशी ठेवणारा क्रूर मनुष्य डोळ्यांपुढे येई. भरलेल्या वाटीसमोर कोणी उपाशी राहू शकते, हे मात्र कधी सुचले नव्हते. बँकेत मी नव्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट बजावीत असे: तारण भक्कम आहे म्हणून परतफेडीची ऐपत पाहायची नाही, असे करू नका, गोदामभर माल असलेला व्यापारीही रोकडीवाचून बुडतो. इथे मी नेमके तेच केले होते.

पहिले चार दिवस कठीण गेले. या प्राण्याचे आतडे सतत चालते असावे लागते. ते काही तास रिकामे राहिले तर थबकते, आणि थबकले की जीव जातो. त्यामुळे क जीवनसत्त्वाचे थेंब तर होतेच, शिवाय पेलेट कोमट पाण्यात भिजवून, पातळ करून, बिनसुईच्या सिरिंजने दर तीन-चार तासांनी गालाच्या कडेने भरवायचे होते. रात्री बाराला मी, तीनला सौ., पहाटे सहाला पुन्हा मी. पुष्कळसे अंगावर सांडे. तिसऱ्या रात्री मी उठलो तेव्हा सौ. अजून तेथेच बसलेली होती. म्हणाली, ‘हिने आज दोन वेळा आपणहून गिळले.’

हिरव्याचा प्रश्न तिनेच सोडविला. मी चाचरत विषय काढला तेव्हा ती म्हणाली, ‘नियम मी घेतला आहे. या दोघींनी कोणाकडे पच्चक्खाण घेतले?’ दुसऱ्या दिवशी तिने स्वतः कोथिंबीर आणि ढोबळी मिरची आणविली. एकेक पान उजेडात धरून, जयणेने झटकून, धुऊन त्यांना दिले. स्वतःच्या ताटात मात्र काडी घेतली नाही. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅममागे ८० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, पिकून लाल झालेलीत त्याहून अधिक. म्हणजे रोज दोन-तीन बोटभर फोडींत एकीचे भागते. जाता जाता सांगतो, डॉक्टरांनी दिलेल्या घातक पदार्थांच्या यादीत कांदा, लसूण आणि बटाटा हे होते. एवढ्यापुरत्या तरी या दोघी योग्य घरी आल्या होत्या. गाजराचेही नडले नाही. त्यात साखर फार, ते नसले तरी चालते.

आता कोरड्या खाण्याकडे वळतो. कारण नातवंडांच्या हट्टापायी असे प्राणी आपल्या घरांत हळूहळू येऊ लागले आहेत, आणि कोरडे खाणे विकत आणताना चूक होते ती बहुधा माझ्यासारखीच.

ते रंगीत मिश्रण आपण आपल्या डोळ्यांनी निवडतो. प्राणी त्यातले गोड आणि तेलकट तेवढे वेचून खातो. आणि ज्या गोळ्यांत जीवनसत्त्व घातलेले असते, त्याच तळाशी राहतात. आपण वर पुन्हा नवे ओततो. पाकिटावरचा तक्ता खोटा नसतो, पण तो सगळे मिश्रण खाल्ले तर खरा. म्हणून कोरडे खाणे एकजिनसी हवे: प्रत्येक गोळी दुसऱ्यासारखी, निवडायला वावच नको. मला जी बेचव वाटली ती पिशवीच बरोबर होती.

पिशवी उलटून मागची बाजू वाचायची. घटकांच्या यादीत पहिले नाव गवताचे असावे. मका, गहू किंवा कोंडा पहिला असेल तर ती ठेवून द्यावी. बिया, सुकामेवा, काकवी, साखर, रंग नकोत. हा प्राणी शुद्ध शाकाहारी आहे, तेव्हा यादीत प्राणिजन्य काही नाही ना, हेही पाहावे. चोथा, म्हणजे तंतू, १८ ते २० टक्के किंवा अधिक असावा. प्रथिने मोठ्या वयाच्या प्राण्याला १४ ते १६ टक्के पुरतात. कॅल्शियम एक टक्क्याच्या आत असावे, कारण जास्त झाले की मूत्राशयात खडे होतात. आणि क जीवनसत्त्व घातल्याचा स्पष्ट उल्लेख हवाच. सशाचे पेलेट दिसायला तंतोतंत सारखे असतात आणि दुकानदार ‘एकच आहे, घेऊन जा’ म्हणतो. एकच नसते. सशाला बाहेरून क जीवनसत्त्व लागत नाही, म्हणून त्याच्या खाण्यात ते घातलेले नसते. भाईजींच्या एका गिऱ्हाइकाने सरकीची पेंड सुचविली होती. ती गाईसाठी.

सर्वांत महत्त्वाची तारीख. येथे माझी बँकेतली सवय कामी आली. मोंढ्यातल्या गोदामांची तपासणी करताना मी पुढच्या थप्पीकडे पाहत नसे. मागच्या थप्पीत काय आहे ते काढायला लावी. पेलेटमधले क जीवनसत्त्व दिवसागणिक उतरत जाते. साधारण तीन महिन्यांनी त्यावर विसंबता येत नाही. उघड्या डब्यात, उन्हात, दमट हवेत तर त्याआधीच. पाकिटावरची ‘अमुक महिन्यांपर्यंत वापरावे’ ही ओळ माल खराब होण्याविषयी असते, जीवनसत्त्व शिल्लक असण्याविषयी नव्हे. तेव्हा बनविल्याची तारीख पाहावी, लहान पिशवी घ्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. स्वस्त पडते म्हणून दहा किलोची गोणी घेणारा व्यापारी स्वभाव इथे आवरावा लागतो. मला तो आवरायला दोनदा सांगावे लागले. काही जण जीवनसत्त्व पाण्याच्या बाटलीत मिसळतात. ते पाण्यात लवकर नासते आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. औषध तोंडातच द्यावे.

आणि प्रमाण? एकीला दिवसाला एक मोठा चमचा, फार तर दोन. एवढेच. खाणे बदलायचे असेल तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळून आठ-पंधरा दिवस घ्यावे. हे जीव सवयीचे पक्के असतात आणि अनोळखी गोळीपुढे उपाशी बसतील.

मग पोट कशाने भरायचे? गवताने. डॉक्टर म्हणाले, दिवसभरातल्या खाण्यात गवताचा वाटा शंभरात ऐंशीचा हवा, आणि ते अहोरात्र समोर हवे. माझा चेहरा पाहून त्यांनी कारणही सांगितले. या प्राण्याचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात. दाणा एका चाव्यात फुटतो. गवताची लांब काडी मात्र दाढांखाली आडवी फिरवून घासावी लागते, आणि त्या घासण्यानेच दात झिजून मापात राहतात. गवत नसेल तर दाढा जिभेवर वाढतात, आणि समोर पक्वान्न असले तरी खाता येत नाही. आतडेही चोथ्यावरच चालते. म्हणजे ज्याला मी पॅकिंगचा पेंढा समजलो तेच त्यांचे जेवण होते, आणि ज्याला जेवण समजलो ते फार तर तोंडी लावणे.

नातीने पाठविलेले गवत टिमथी नावाचे होते. ते परदेशातून येते, आणि त्याचा किलोचा भाव उत्तम गव्हाच्या कितीतरी पट आहे. हा भाव मी भाईजींना सांगितला तेव्हा त्यांनी गादीवरून उठून मला पुन्हा सांगायला लावले. ‘गवताचा?’ ‘गवताचा.’ ‘मग आपण आजवर काय विकत बसलो?’

पण राजूरमध्ये बसून परदेशी काडीवर का अवलंबून राहायचे? पावसाळ्यात उत्तर घराच्या दारातच होते. राजूरचा गणपती साडेतीन पीठांपैकी एक मानतात. चतुर्थीला, आणि अंगारकीला तर विशेष, येथे माणसांचा पूर लोटतो. मंदिराच्या वाटेवर दुर्वांच्या जुड्यांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. दूर्वा म्हणजे आपली हरळी. शेतकरी जिच्यामुळे मेटाकुटीला येतो ती. गिनीपिगाला ती उत्तम: चोथाही मिळतो आणि ताजी असल्याने क जीवनसत्त्वही. टोपलीवाल्या मावशींना मी रोजच्या चार जुड्या ठरवून दिल्या. ‘शेठ, रोजची पूजा धरली का?’ त्यांनी विचारले. मी खरे सांगितले. त्या इतक्या हसल्या की शेजारचा नारळवाला वळून पाहू लागला. मात्र दुसऱ्या दिवसापासून जुड्या न बांधता, चिखल झटकून, लांब काड्यांच्या दूर्वा त्या वेगळ्या काढून ठेवू लागल्या. देवाला वाहिलेल्या, शेंदूर-कुंकू लागलेल्या दूर्वा मात्र द्यायच्या नाहीत, आणि रस्त्याकडेच्या किंवा तणनाशक फवारलेल्या बांधावरच्याही नाहीत.

ओल्या दिवसांत गवत वाळविण्याचा मोह टाळला. बुरशी धरलेले गवत विषासमान. अश्विनात उघडीप मिळाली तेव्हा भाईजींच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने बांधावरचा मारवेल कापून दिला. तो गच्चीवर सावलीच्या बाजूला पातळ पसरून, दिवसातून दोनदा परतून वाळविला. कडक उन्हात टाकला तर हिरवा रंग आणि वास दोन्ही जातात. त्याच शेतकऱ्याने सांगितल्यामुळे कुसळीपासून वाचलो. तिचे कुसळ पक्व झाले की गुरांच्याही तोंडात रुतते, तेथे या एवढ्याशा जिवांचे काय! लसूणघास दुभत्या गाईला चांगला म्हणून माझ्या मनात होता. पण त्यात कॅल्शियम फार. सहा महिन्यांच्या आतील पिलाला किंवा गाभण मादीला चालतो, या वयाला नाही. कोवळ्या ज्वारीने गुरे दगावतात हे तर आपल्याकडे सर्वांना माहीत. ती दूरच ठेवली. वाळलेला कडबा जाड आणि निकस. त्याच्या पात्या त्यांनी चघळल्या, एवढेच.

गूळ सहाव्या दिवशी आपल्या पायांनी वाटीपर्यंत आली, आणि दोन आठवड्यांनी तीळबरोबर भांडू लागली. दर रविवारी दुकान उघडण्यापूर्वी दोघींना काट्यावर ठेवण्याचा नेम आम्ही सुरू केला. आजार या प्राण्याच्या चेहऱ्यावर उशिरा दिसतो, वजनात आधी दिसतो. भाईजींनी त्यासाठी जुन्या रोजमेळाची एक कोरी वही काढून दिली. तारीख, तीळ, गूळ असे तीन रकाने स्वतः आखले. कार्तिकात आवळे निघाले तेव्हा एक नखभर तुकडा देऊन पाहिला. तीळने खाल्ला. गुळाने माझ्याकडे असे पाहिले की मी तो परत घेतला.

हे सारे मी मुलाला कळविले होते. नातीला सांगू नका, एवढी विनंती केली होती. मार्गशीर्षात ती आली. प्रवासाचे कपडेही न बदलता कोठीच्या खोलीत गेली, आणि बऱ्याच वेळाने हातात वही घेऊन बाहेर आली.

‘दादाजी, हे ७६० काय आहे?’

मी तिला सांगितले. तिच्या कागदावरच्या तीन ओळी मी पाळल्या नव्हत्या, हेही सांगितले. ती काही बोलली नाही. वही घेऊन खाली दुकानात गेली. काही वेळाने वर आली तेव्हा शेवटच्या ओळीत तिच्या अक्षरात त्या दिवसाची तारीख होती आणि पुढे: तीळ ९१०, गूळ ९७०.

पुण्याला निघताना तिने मारवेलची दोन पोती गाडीत चढवायला लावली. भाईजींनी पैसे घेतले नाहीत. बारदान तेवढे परत पाठवा, म्हणाले.